घरचं एस्प्रेसो मशीन आणि ग्राइंडर: बजेट कमी असेल तर आधी काय घ्यायचं, मग काय

इथे कोल्हापुरात ओळखीत कुणी घरी एस्प्रेसो मशीन घेतलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येतो. तक्रार ठरलेली असते: आठ-दहा सेकंदांत कप भरतो, चव आंबट आणि पाणचट लागते. पुढचा प्रश्नही ठरलेला: "मशीन परत करू का?" मी विचारते, दळता कशावर? उत्तर येतं, घरच्या मिक्सरवर, किंवा दुकानातून आणलेली तयार पूड. मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं. चूक खरेदीच्या क्रमात झालेली असते. सगळे पैसे मशीनला गेले, आणि ज्यावर कपाची चव ठरते त्या दळणासाठी काही उरलं नाही.

पुढचे टप्पे लिहिले आहेत त्याच क्रमाने करा. चौथ्या टप्प्यापर्यंत मशीन बघायलाही जाऊ नका.

## टप्पा १: घरात कोण काय पितं ते ठरवा

बारीक दळलेल्या, दाबून बसवलेल्या कॉफीतून साधारण ९ बार दाबाने गरम पाणी ढकलायचं आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास थोडासा घट्ट अर्क काढायचा, तो एस्प्रेसो. गॅसवरच्या मोका पॉटमध्ये दाब दीड बारच्या आसपासच असतो. त्याची कॉफी कडक होते, पण तो एस्प्रेसो होत नाही.

घरच्यांना मोठा मग भरून, साखर घातलेली दुधाची कॉफी हवी असेल तर मोका पॉट किंवा दाक्षिणात्य पितळी फिल्टर पुरेसा आहे, आणि मी तोच घ्या म्हणेन. हजारो रुपये वाचतील आणि घरचे खूशही राहतील. मशीनचा खर्च कधी करायचा? एस्प्रेसो तसाच प्यायचा असेल, किंवा कपुचिनोत दुधाखालून कॉफीची चव वर यायला हवी असेल, आणि रोज सकाळी दहा मिनिटं ओट्यापाशी उभं राहायची तयारी असेल तर.

कपांची संख्याही आत्ताच ठरवा. कमी किमतीच्या मशीनवर शॉट (एका वेळचा एस्प्रेसो) काढून, वाफ तयार होण्याची वाट बघून, दूध फेसाळून, नळी पुसून एक कपुचिनो व्हायला चार-पाच मिनिटं जातात. दोघांच्या घराला ते चालतं. रविवारी सहा पाहुणे आले तर पहिल्याचा कप निवतो आणि सहावा ताटकळतो.

तपासा: रोज किती कप, त्यातले दुधाचे किती, हे कागदावर लिहा. दुधाचा एकही नसेल तर वाफेच्या नळीसाठी पैसे मोजायची गरज नाही. पाचव्या टप्प्यात हे कामाला येईल.

## टप्पा २: ओटा, प्लग आणि पाणी

मशीन घरी आल्यावर ते ठेवायला जागा शोधणारे खूप आहेत. टेप घ्या आणि आधीच मापं काढा. पाण्याची टाकी बहुतेक मशीनमध्ये मागे असते आणि वरून काढावी लागते, म्हणून वरच्या कपाटाखाली मशीनच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त जागा लागते. कपाट प्लायचं असेल तर रोजच्या वाफेने त्याची खालची कड फुगते. मशीन पुढे ओढून वापरता येईल अशी जागा निवडा.

प्लगचं जास्त महत्त्वाचं. ही मशीनं साधारण १३०० ते १५०० वॅटची असतात. २३० व्होल्टला त्याचे साडेपाच ते साडेसहा अँपिअर होतात. मिक्सरचा लहान प्लग पॉइंट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे तो अगदी काठावर चालतो. मशीनला १६ अँपिअरचा पॉइंट द्या. फ्रिजचा किंवा गिझरचा असतो तसा मोठा. नसेल तर वायरमनकडून आधी काढून घ्या.

सावधान: एक्स्टेन्शन बोर्डावर मशीन लावू नका, त्यातही त्याच बोर्डावर मायक्रोवेव्ह असेल तर मुळीच नको. लाईट गेल्यावर घरच्या साध्या इन्व्हर्टरवरही ते चालणार नाही.

आता पाणी. महापालिकेचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत मशीनच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. घरातली चहाची किटली किंवा गिझरची कॉइल बघा. पांढरा थर धरत असेल तर तोच थर मशीनच्या आतल्या बारीक नळ्यांत धरणार आहे, आणि तिथे हात पोचत नाही. उपनगरात, नव्या सोसायट्यांत अनेक ठिकाणी बोअरचं पाणी वरच्या टाकीत मिसळलेलं असतं, म्हणून "आमच्याकडे नळाचंच येतं" एवढ्यावर विसंबू नका.

दुसऱ्या टोकाला आरओचं पाणी. त्यातले क्षार फार कमी झाले की कॉफी सपक लागते. कॉफीसाठी पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावेत, असा स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचा निकष आहे. ७५ ते २५० पर्यंत चालतं. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. आरओचं पाणी त्याहून खाली दाखवत असेल तर त्यात साधं गाळलेलं नळाचं पाणी मिसळून आकडा वर आणा. मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, पांढरा थर किती धरेल हे सांगत नाही. त्यामुळे किटलीवरचा डोळा काढू नका.

## टप्पा ३: बिया आधी मागवा

हे उलटं वाटेल, पण घरात पहिली यायला हवी ती कॉफी. कारण पुढे कळेल.

पाकिटावर भाजल्याची तारीख हवी. "वापरण्याची अंतिम मुदत" ही वेगळी तारीख, तिचा इथे उपयोग नाही. भाजल्यानंतर बियांतून काही दिवस वायू निघत राहतो. एस्प्रेसोला साधारण एक आठवडा मुरलेल्या बिया बऱ्या, आणि पाकीट फोडल्यावर तीन-चार आठवड्यांत संपवाव्यात. सुरुवातीला मध्यम किंवा मध्यमपेक्षा थोडी गडद भाजलेली कॉफी घ्या. हलकी भाजलेली बी कडक असते, जास्त बारीक दळावी लागते आणि शिकाऊ हाताला दाद देत नाही.

कोल्हापूरकरांना हे सोपं आहे. देशातली सर्वांत जास्त कॉफी शेजारच्या कर्नाटकात, चिकमगळूर, कोडगू आणि हासनच्या डोंगरांत पिकते. ताज्या भाजलेल्या बिया ब्लू टोकाई किंवा नागपूरच्या कॉरिडॉर सेव्हनसारख्या रोस्टरकडून, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्यांकडून, घरपोच येतात. पहिल्या खरेदीला महागडी, फळांच्या चवीची एकाच मळ्यातली कॉफी घेऊ नका. पहिलं अर्धा किलो सेटिंग लावण्यातच जाणार आहे. थोडा रोबस्टा (कॉफीची एक जात) मिसळलेलं मिश्रण घेतलंत तर फेस दाट येतो आणि दुधात चव टिकते.

सावधान: चिकोरी मिसळलेली पूड एस्प्रेसो मशीनमध्ये घालू नका. आपल्याकडच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेला जवळजवळ निम्मा भाग चिकोरी असू शकतो. चिकोरी पाण्यात विरघळून चिकट होते आणि बास्केटची, म्हणजे मशीनमध्ये पूड भरायच्या जाळीदार वाटीची, भोकं धरते. प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचा.

## टप्पा ४: पैशांची वाटणी आणि ग्राइंडर

भाव सारखे हलतात, त्यामुळे मी आकड्यांऐवजी वाटणी सांगते. शंभर रुपयांतले चाळीस ग्राइंडरला, पंचेचाळीस मशीनला, दहा वजनकाटा आणि किरकोळ साहित्याला, पाच पहिल्या बियांना. पैसे कमी पडले तर मशीनमधून कापा, ग्राइंडरमधून नको. साधं मशीन चांगल्या दळणावर पिण्याजोगा कप देतं. भारी मशीनला वाईट दळण सुधारता येत नाही.

असं का, ते समजून घ्या. कॉफीच्या थरातून पाणी किती वेगाने जाईल हे कणांच्या आकारावर ठरतं. दळण जाड पडलं तर पाणी सुसाट निघून जातं, पीठ झालं तर थेंब उतरत नाही. मधला पट्टा फार अरुंद आहे. मिक्सरचं पातं बी कापतं, दळत नाही. त्याच भांड्यात काही कण पिठासारखे आणि काही रव्यासारखे राहतात. मग एकाच कपात बारीक कणांचा कडूपणा आणि जाड कणांचा आंबटपणा दोन्ही येतात. ग्राइंडर म्हणजे छोटं जातंच. दोन दातेरी चकत्यांमधलं अंतर फिरवून ठरवायचं, जसा गिरणीवाला ज्वारीच्या पिठाला आणि भरड्याला चाक फिरवून दगड जवळ-लांब करतो.

ग्राइंडर घेताना दोनच प्रश्न विचारा. पुरेसं बारीक दळतो का? आणि एका क्लिकला, म्हणजे सेटिंग फिरवताना पडणाऱ्या एका खाचेला, अंतर किती बदलतं? दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. बारीक दळणारा, पण क्लिक मोठे असलेला ग्राइंडर एस्प्रेसोला निरुपयोगी. एका क्लिकवर शॉट १५ सेकंदांत संपतो, पुढच्या क्लिकवर मशीन तुंबतं, आणि हवा तो बिंदू दोन्हींच्या मध्ये राहून जातो. क्लिकची पायरी २५ मायक्रॉनच्या आत असेल तर काम भागतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये किंग्राइंडर के६ची पायरी १६ मायक्रॉनची आहे आणि वन झेडप्रेसो जे-अल्ट्राची ८ मायक्रॉनची. दोन्हींचं सेटिंग बाहेरूनच फिरतं. टाइममोर सी२ मोका आणि गाळण्याच्या कॉफीला छान, पण त्याचे क्लिक एस्प्रेसोला मोठे पडतात. त्याच कंपनीचा सी३ ईएसपी या कामासाठी बनवलेला आहे. नावातलं "ईएसपी" बघून घ्या. कमी बजेटमध्ये माझी पसंती हाताच्या ग्राइंडरला आहे. मोटरचे पैसे वाचतात आणि ते सगळे दात्यांवर खर्च झालेले असतात. मात्र १८ ग्रॅम बिया दळायला मिनिटभर दांडा फिरवावा लागतो. ज्यांचं मनगट किंवा खांदा दुखतो त्यांनी, आणि रोज चारपेक्षा जास्त कप करणाऱ्यांनी, विजेवरचा बघावा. बराट्झा एन्कोर ईएसपीची ४० सेटिंग आहेत, त्यातली पहिली २० एस्प्रेसोसाठी बारीक पायऱ्यांची. डीएफ५४ला क्लिकच नाहीत, चकती हवी तिथे थांबवता येते.

तपासा: परदेशातून किंवा अनोळखी विक्रेत्याकडून विजेचा ग्राइंडर घेताना त्याच्या बुडाच्या पट्टीचा फोटो मागवा. त्यावर २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं असायला हवं.

आता बिया आधी का मागवायच्या, ते. माझा पहिला ग्राइंडर मी ऑनलाइन घेतला. "एस्प्रेसोपासून फ्रेंच प्रेसपर्यंत" असं त्याच्या जाहिरातीत होतं. परत करायची मुदत सात दिवस. घरात बिया नव्हत्या. त्या मागवल्या, त्या यायला नऊ दिवस लागले. सर्वांत बारीक सेटिंगला दळून बघितलं तर हातात बारीक रवा. मुदत संपून दोन दिवस झाले होते आणि विक्रेत्याने हात वर केले. ते पैसे गेलेच. तेव्हापासून प्रत्येकाला हेच सांगते: बिया घरात आल्यावर ग्राइंडर मागवा, आणि खोकं उघडलं त्याच संध्याकाळी दळून बघा.

तपासा: सर्वांत बारीकपासून थोडं अलीकडे सेटिंग लावून ५ ग्रॅम दळा. चिमटीत घेऊन चोळा. टेबलावरच्या मिठापेक्षा बारीक आणि पिठीसाखरेपेक्षा किंचित खरखरीत लागलं पाहिजे. रवा लागला तर लगेच परत.

## टप्पा ५: मशीन

आता मशीनकडे वळा. खोक्यावरच्या "१५ बार", "२० बार" या आकड्यांकडे बघू नका. पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो, एवढंच ते सांगतात. कॉफीला लागतात ९.

पहिली गोष्ट बास्केट. मशीनबरोबर आलेली बास्केट उजेडात धरा. आतून शंभर भोकं दिसतात पण खालून एकच टाचणीएवढं भोक असेल, तर ती दुहेरी बुडाची, दाब धरणारी बास्केट. जाड दळणावरही ती फेस काढून दाखवते, पण तो फेस भोकातून फवारा उडाल्यामुळे आलेला असतो. ज्यातून उजेड सगळीकडून आरपार दिसतो ती एकेरी बुडाची. तुम्ही चौथ्या टप्प्यात नीट ग्राइंडर घेतला असेल तर तुम्हाला हीच हवी. मशीनबरोबर नसेल तर त्या मापाची वेगळी मिळते का, हे मशीन घ्यायच्या आधी शोधा.

दुसरी गोष्ट माप. पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट बसवायचं दांड्याचं हँडल, ५१, ५४ किंवा ५८ मिलिमीटरचा असतो. ५८ ला साहित्य सगळ्यांत सहज मिळतं. ५१ ही कमी किमतीच्या मशीनची नेहमीची साइज, तिलाही आता बास्केट आणि टँपर (पूड दाबायचा दट्ट्या) मिळतात. याहून वेगळं, एकाच कंपनीचं माप असेल तर ते मशीन टाळलेलं बरं.

तिसरी गोष्ट पाणी तापवण्याची पद्धत. थर्मोब्लॉकमध्ये पाणी नळीतून जाता जाता तापतं, मशीन मिनिटभरात तयार होतं. बॉयलरच्या, म्हणजे आतल्या छोट्या टाकीत पाणी तापवणाऱ्या, मशीनला दिवा हिरवा झाला तरी पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात, कारण पोर्टाफिल्टरचं लोखंडासारखं जड धूड तोवर गार असतं. सकाळी आंघोळीला जाताना बटण दाबून जाणाऱ्याला बॉयलर चालतो, डबा भरता भरता कॉफी हवी असणाऱ्याला थर्मोब्लॉक.

डेलाँगी डेडिका ५१ मिलिमीटरची, थर्मोब्लॉकची, फक्त १५ सेंटिमीटर रुंद. अरुंद ओट्याला बसते, पण कंपनीची बास्केट दुहेरी बुडाची येते आणि मशीन हलकं असल्यामुळे हँडल आवळताना एका हाताने धरावं लागतं. गॅगिया क्लासिक ५८ मिलिमीटरची, बॉयलरची, जड आणि दुरुस्त करत करत वर्षानुवर्षं वापरण्याजोगी. महागही जास्त. दुधाचा कप नको असेल तर फ्लेअरसारखं हाताने दाबायचं यंत्र किंवा वाकाको पिकोप्रेसो बघा. पिकोप्रेसोत ५२ मिलिमीटरची एकेरी बास्केट आहे आणि १८ ग्रॅम कॉफी बसते. यांना वीज लागत नाही, पाणी गॅसवर उकळायचं. वळवाच्या पावसात संध्याकाळी लाईट गेली तरी कॉफी होते. पहिल्या टप्प्यात "दुधाचे कप: शून्य" लिहिणाऱ्यांनी हाच रस्ता धरावा.

ग्राइंडर आतच बसवलेलं मशीन मोहात पाडतं. कमी बजेटमध्ये घेऊ नका. एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला जातात.

आणि दुरुस्ती कुठे? हा प्रश्न कोल्हापुरात बसून विचारायलाच हवा. "भारतभर सेवा" असं लिहिलेल्या कंपनीचं जवळचं केंद्र पुण्यात निघू शकतं, म्हणजे एका वेळेला सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. घेण्यापूर्वी कंपनीच्या क्रमांकावर फोन करून कोल्हापूरचा पिनकोड सांगा आणि दोन गोष्टी विचारा: माणूस घरी येतो की मशीन पाठवायचं? पाठवायचं तर कुरिअरचा खर्च कुणाचा? उत्तर ईमेलवर मागा.

सावधान: बहुतेक स्वस्त मशीनमध्ये शॉट संपल्यावर उरलेला दाब सोडणारी झडप नसते. अशा मशीनचं हँडल लगेच फिरवलं तर कढत चोथा हातावर, तोंडावर उडतो. मिनिटभर थांबा, मग हळू फिरवा. शॉट तुंबून थेंबही उतरला नसेल तर त्याहून जास्त थांबा आणि लहान मुलांना ओट्यापासून लांब करा.

जुनं मशीन घेत असाल तर चालू करून दाखवायला सांगा. पोर्टाफिल्टर न लावता पाणी सोडा, धार सरळ आणि अखंड हवी. वाफ अर्धा मिनिट टिकली पाहिजे. टाकी काढून तळ बघा. पांढरा थर दिसला तर पुढे बघायची गरज नाही.

## टप्पा ६: वजनकाटा आणि किरकोळ साहित्य

वजनकाट्याशिवाय पुढचा टप्पा करता येत नाही. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा चालत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, सराफांच्या कामाचे छोटे काटे सहज मिळतात. घेताना दोन गोष्टी बघा: कप ठेवता येईल एवढा तबकडीचा आकार, आणि किमान ५०० ग्रॅमची क्षमता. सोन्यासाठीचा अगदी लहान काटा कपाच्या वजनानेच "ओव्हरलोड" दाखवतो.

मशीनबरोबर येणारा प्लॅस्टिकचा टँपर बास्केटपेक्षा बराच लहान असतो. कडेची कॉफी दबत नाही आणि पाणी तिथूनच वाट काढतं. मी माझा शिवाजी उद्यमनगरात, इथल्या कारखान्यांच्या भागात, लेथवर करून घेतला. टर्नर मामांना सांगितलं, "५१ एमएमचा हवाय." ते म्हणाले, "ताई, जॉब आणलाय का? तोंडी मापावर मी काम करत नाही." दुसऱ्या दिवशी बास्केट घेऊन गेले. त्यांनी व्हर्नियर आत घालून तीन ठिकाणी माप घेतलं. तोंडाशी एक, कॉफी जिथपर्यंत भरते तिथे एक, बुडाशी एक. तिन्ही वेगळी निघाली, बास्केट खाली निमुळती होत जाते. मधलं माप धरून, त्यात केसभर मोकळीक ठेवून त्यांनी स्टीलचा दट्ट्या काढला आणि कड बोटाने चाचपून परत एकदा पॉलिश मारलं. तुम्हीही बास्केट बरोबर न्या, मटेरियल ३०४ स्टीलच सांगा, आणि तळ सपाट हवा हे बजावून सांगा.

पूड मोकळी करायला विकतचं साधन नको. बाटलीच्या बुचात चार-पाच अगदी बारीक सुया टोचा, झालं. दूध फेसाळायला ३५० मिलिलिटरचं स्टीलचं चोचीचं भांडं लागेल.

## टप्पा ७: पहिला आठवडा, वही घेऊन

या आठवड्यात दूध घालू नका. दुधाखाली चूक लपते.

१. मशीन तापू द्या. पोर्टाफिल्टर रिकामा लावून गरम पाणी एकदा सोडून द्या, मग बास्केट कोरडी पुसा.

२. बिया मोजा. ५८ च्या दुहेरी बास्केटला १८ ग्रॅम, ५१ च्या बास्केटला साधारण १४. हा आकडा आठवडाभर बदलायचा नाही.

३. दळा, बास्केटमध्ये घाला, सुयांनी तळापर्यंत ढवळून गुठळ्या मोडा, वरून सपाट करा.

४. दाबा. किती जोराने यापेक्षा किती सरळ हे महत्त्वाचं. टँपर तिरका गेला की पातळ बाजूने पाणी पळतं. पूड दबून थांबली की पुरे.

५. काट्यावर कप, काटा शून्यावर, बटण दाबताच वेळ सुरू. कॉफीच्या दुप्पट वजन झालं की बंद करा: १८ ला ३६ ग्रॅम, १४ ला २८. मशीन थांबवल्यावरही दोन-तीन ग्रॅम टपकतात, तेवढं आधी थांबवा.

६. वेळ बघा. २५ ते ३० सेकंद लागले तर चव घ्या. १५ सेकंदांत संपलं तर एक-दोन क्लिक बारीक. ४५ सेकंद लागले तर जाड.

७. वहीत लिहा: तारीख, क्लिक, आत किती, बाहेर किती, सेकंद, चव एका शब्दात.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एका वेळी दोन गोष्टी बदलणं. आंबट लागलं म्हणून दळण बारीक केलं, वर दोन ग्रॅम कॉफीही वाढवली, आणि मशीन तुंबलं. मग नेमकं कशाने तुंबलं ते कळायला मार्ग राहत नाही. दळण बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. तिखट-आंबट, जिभेच्या कडांना झोंबणारी चव आणि जलद शॉट असेल तर बारीक. घशाशी रेंगाळणारी कोरडी, जळकी चव आणि संथ शॉट असेल तर जाड. आंबट आणि कडू एकदमच लागलं तर दळणाला हात लावू नका, तिसरी आणि चौथी पायरी नीट करा. पाणी कुठून तरी चोरवाट काढतंय.

विजेच्या ग्राइंडरचं सेटिंग बारीककडे नेताना मोटर चालू ठेवा, आणि बदलल्यावर पहिले दोन-तीन ग्रॅम टाकून द्या. ते जुन्या सेटिंगचे असतात.

तपासा: लागोपाठ तीन शॉट तीन-चार सेकंदांच्या फरकात आले की आठवडा संपला असं समजा. नाही आले तर दुधाकडे जाऊ नका.

## टप्पा ८: दूध

आपल्याकडे घरोघरी म्हशीचं दूध. गंगावेशीच्या दुधाच्या कट्ट्यावरून समोर काढलेलं आणत असाल तर ते घरी उकळा, पूर्ण गार करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी बारीक गाळणीतून गाळा. गाळण्याची पायरी चुकवू नका. सायीचा एक तुकडा वाफेच्या नळीच्या भोकात अडकला की नळी उघडून सुईने साफ करावी लागते. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, फेसाळायचं असेल तर परत उकळायची गरज नाही.

फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३. शिकताना टोन्डवर शिका, फेस हाताला लवकर सापडतो. म्हशीच्या दुधाची चव कॉफीशी अप्रतिम जमते, पण फेस जड होतो, त्यात हवा थोडी कमीच घालायची.

नळीतलं पाणी आधी एका फडक्यात सोडून द्या. १५० मिलिलिटर गार दूध, नळीचं टोक पृष्ठभागाच्या किंचित खाली. कागद फाटल्यासारखा आवाज चार-पाच सेकंद, तेवढीच हवा. भांडं हाताला कोमट लागलं की टोक खोल घाला आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या. तळहात भांड्यावर टेकवता येईनासा झाला की थांबा, तेव्हा दूध ६० अंशांच्या आसपास असतं. त्यापुढे गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो.

सावधान: नळी त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसा आणि एकदा वाफ सोडा. पाच मिनिटांनी पुसू म्हटलं तर वाळलेलं दूध खरवडावं लागतं.

एकच बॉयलर असेल तर वाफेनंतर लगेच दुसरा शॉट काढू नका. पाणी फार तापलेलं असतं, कॉफी करपते. पोर्टाफिल्टरशिवाय अर्धा कप पाणी सोडा, फुसफुस थांबून धार शांत झाली की मग लावा.

## टप्पा ९: निगा

रोज: बास्केट धुवा, वरची जाळी ओल्या फडक्याने पुसा, टाकीतलं पाणी बदला. ओला चोथा सिंकमध्ये नको, कुंड्यांत किंवा कचऱ्यात टाका.

क्षार काढण्याचं वेळापत्रक तुमच्या पाण्यावर. किटली महिन्यात पांढरी होत असेल तर दोन महिन्यांनी, नाहीतर तीन-चार महिन्यांनी. कंपनीच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर लिटरला २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड चालतं. ॲल्युमिनियमच्या बॉयलरमध्ये ते भरून रात्रभर ठेवू नका. नंतर दोन-तीन टाक्या साधं पाणी काढा. व्हिनेगर वापरू नका, त्याचा वास रबरी वायसरमध्ये बसतो. बंद बास्केट लावून उलट्या दाबाने धुण्याची पद्धत फक्त दाब सोडणाऱ्या झडपेच्या मशीनसाठी आहे, बाकीच्यांत करू नका.

जूनमध्ये पाऊस लागला की बियांचा डबा ओट्यावर उघडा राहू देऊ नका. आठवड्यापुरत्या बिया घट्ट झाकणाच्या डब्यात, बाकीचं पाकीट बंद. त्या दिवसांत हवेतल्या ओलाव्यामुळे मे महिन्यातला क्लिक चालेनासा होतो. वही उघडा, पुन्हा सातव्या टप्प्याची पाचवी आणि सहावी पायरी करा, आणि नवा क्लिक तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात तिथूनच सुरुवात करता येते.